मी गाडीला तेल लावले

आमच्या घरी एक जुनी मोटारसायकल आहे. ती २००३ सालची आहे. म्हणजे ती माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. दादा म्हणजे माझे वडील रोज पहाटे तिला दुधाचे दोन कॅन बांधून डेअरीवर जातात. आमच्या अंगणात सावली नाही. त्यामुळे गाडी दिवसभर उन्हात उभी असते. तिचे इंजिन चांगले आहे. पण काळे प्लॅस्टिक पांढरट झाले होते. आरशांची पाठ, बटणांची पेटी आणि मागचा मडगार्ड राख फासल्यासारखे दिसत.

पौष महिन्यात आमच्याकडे पाहुणे आले होते. त्यांच्यातले एक जण म्हणाले, "ही गाडी आता भंगारात घाला." सगळे हसले. दादाही हसले, पण मला ते हसणे खरे वाटले नाही. मी मनाशी ठरविले, आपणच गाडी काळी करायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे रानात गेले होते. मी फळीवरची खोबरेल तेलाची बाटली काढली. फडक्याने तेल चोळले. काय सांगू, प्लॅस्टिक काळेभोर झाले! मला फार आनंद झाला. मग मी आरसे पुसले, मडगार्ड पुसला, आणि हाताच्या रबरी मुठींनाही तेल लावले. कोणाला काही सांगितले नाही. दादांना गंमत करायची होती.

पहाटे थंडी खूप होती. दादा अंधारातच गेले. ओढ्याच्या उतारावर त्यांची मूठ निसटली आणि गाडी आडवी झाली. एक कॅन पूर्ण सांडला. दादांचा गुडघा सोलला. ते घरी आले तेव्हा म्हणाले, "दवामुळं हात सटकला असंल." आई हळद लावू लागली. मी गाडीजवळ गेलो तर आणखी एक गोष्ट दिसली. थंडीने खोबरेल तेल गोठून मडगार्डवर पांढरे डाग पडले होते आणि त्यावर धूळ चिकटली होती.

दवामुळे हात सटकला नव्हता, हे मला एकट्यालाच ठाऊक होते. दिवसभर जेवण गेले नाही. संध्याकाळी मी दादांजवळ जाऊन म्हटले, "दादा, मुठींना मी तेल लावलं होतं." मला वाटले, आता मार बसणार. दादा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस. उद्या मिस्त्रीकडं चल."

मिस्त्रीकाकांनी बोट ओले करून मडगार्डवर फिरविले. तिथे काळी रेघ उमटली. थोड्या वेळाने ती वाळून पुन्हा पांढरी झाली. मला आमची पाटी आठवली. ओली पाटी काळी दिसते, वाळली की राखाडी. काका म्हणाले, "उन्हानं प्लॅस्टिकची वरची कातडी फुटते. बारीक बारीक भेगा पडतात. त्यात पाणी किंवा तेल भरलं की काळं दिसतं. पण पाणी उडतं आणि खोबरेल वाळतच नाही."

शाळेत बाईंनी सांगितले की, काळ्या प्लॅस्टिकमध्ये काजळीसारखी बारीक पूड मिसळतात. ती ऊन सोसते. तरी पुष्कळ वर्षांनी अतिनील किरणांनी प्लॅस्टिक झिजतेच.

काकांनी खरी रीत दाखविली. आधी साबण आणि जुन्या टूथब्रशने प्लॅस्टिक धुवायचे. पूर्ण वाळू द्यायचे. मग रंगारी वापरतात ते उकळलेले जवसाचे तेल अगदी पातळ लावायचे आणि थोड्या वेळाने जास्तीचे पुसून काढायचे. हे तेल हळूहळू वाळून घट्ट होते, म्हणून ते काही महिने टिकते. गाडी दोन दिवस सावलीत ठेवायची. तेलाचे फडके गोळा करून कधी टाकू नये. ते वाळताना आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. काकांनी ते पाण्यात बुडवून ठेवले.

मित्रांनो, मुठी, पाय ठेवायचे रबर, सीट, ब्रेक आणि टायर यांना कधीही तेल लावू नका. चकाकी कुठे हवी आणि कुठे नको, हे आधी मोठ्यांना विचारा.

आता आमची गाडी नवी दिसत नाही, पण काळी दिसते. अंगणात दादांनी तिच्यासाठी जुन्या पत्र्याचे छप्पर केले आहे. मुठी मी साबणाने दोनदा धुतल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे दादांनी मूठ आवळून पाहिली आणि म्हणाले, "आता हात घट्ट बसतोय." मग मी पुन्हा झोपलो.

— इयत्ता चौथी