पावसाच्या बाजूची भिंत

विटेच्या पातळ टाइलवर पहिला आक्षेप येतो तो खरेपणाचा. आत काँक्रीटचा सांगाडा, त्यात ब्लॉकची भिंत, आणि वरून दोन सेंटिमीटरची वीट चिकटवून विटांचं घर म्हणून मिरवायचं, हे ढोंग आहे, असं आर्किटेक्चर शिकलेली मंडळी म्हणतात. लॉरी बेकर यांनी केरळात गिलाव्याविना विटेची घरं उभी केल्यापासून या म्हणण्याला नैतिक वजनही आलं आहे. पण कोकणातल्या रोह्यात उभं राहून विचार केला तर उघडी भिंत हा इथला धर्म कधीच नव्हता. कारवीचा कूड शेणामातीने लिंपला जायचा, दगडामातीच्या भिंतीवर चुना चढायचा, आणि पश्चिमेच्या अंगाला पावसाळ्यापुरते झाप बांधायची रीत होती. भिंतीचं वजन एका गोष्टीने पेलायचं आणि पाऊस दुसऱ्या गोष्टीने झेलायचा, ही वाटणी कोकणाने फार आधी केलेली आहे. देशावरच्या वाड्यांतही बाहेरून भाजलेली वीट आणि आत माती अशा भिंती सापडतात. रोमन लोकांनी तर काँक्रीटच्या भिंतींना सर्रास विटेचं तोंड दिलं. फक्त त्यांच्या विटा बहुधा त्रिकोणी असत, सपाट बाजू बाहेर आणि टोक आत काँक्रीटमध्ये रुतलेलं. म्हणजे वरची वीट खरी की खोटी, हा प्रश्न मला गौण वाटतो. ती मागच्या भिंतीला कशी धरून आहे, आणि तिच्यामागे शिरलेल्या पाण्याचं पुढे काय होतं, एवढंच विचारावं.

केरळातही पाऊस आहेच की, असं यावर कुणी म्हणेल. आहे, पण बेकरांच्या बहुतेक घरांची छपरं भिंतीच्या बरीच पुढे येतात. भिंत उघडी असली तरी पागोळ्यांच्या आत राहते. रोह्यात आता तीन-चार मजली सपाट स्लॅबच्या इमारती होतात, ज्यांच्या भिंतीला डोक्यावर टोपीच नसते. रायगड जिल्ह्यात सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत आणि वाऱ्याबरोबर तिरका. शिवाय इथली वीट पाहा. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. तेवढ्या महिन्यांत थापलेल्या कच्च्या विटांचा ढीग रचून तोच पेटवला जातो. ढिगाच्या पोटातली वीट कडक भाजते, कडेची पिवळट आणि मऊ राहते. भारतीय मानक १०७७ नुसार साध्या विटेने चोवीस तासांत स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी प्यायलं तरी ती पास. तीन किलोची वीट सहाशे ग्रॅम पाणी घेऊन बसली तर ते कुठेतरी जाणारच, आणि अर्ध्या विटेच्या भिंतीत ते बैठकीच्या खोलीत उतरतं. हीच वीट उघडी ठेवा असा आग्रह धरणाऱ्याने एक आषाढ त्या खोलीत काढावा.

पण यावरून पातळ टाइलला मोकळं रान मिळत नाही. बाजारात मिळणाऱ्या काही टाइल अख्खी वीट करवतीने चिरून केलेल्या असतात. विटेला भट्टीत जी घट्ट कातडी येते ती दोन्ही बाहेरच्या कापांवरच राहते. मधल्या कापांना दोन्हीकडून नुसता गाभा. अशा कापावर पाण्याचा थेंब टाकला तर तो बघता बघता आत जिरतो, कातडीच्या बाजूवर तो काही वेळ उभा राहतो. खरेदीआधी एवढं तरी पाहावंच. दुसरी खोड लावण्याची. टाइलच्या पाठीवर सिमेंटचे चार-पाच गोळे ठेवून ती भिंतीवर दाबली की काम भराभर उरकतं, पण गोळ्यांच्या मध्ये पोकळी राहते. थापीच्या मुठीने ठोकलं की ती बोलते. तिथे पाणी साचतं, लोणा बाहेर येतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत टाइल सुटते. पूर्ण पाठीला दातेरी थापीने ॲडेसिव्ह ओढणं हाच मार्ग. दरजांचंही तसंच: सावली छान पडते म्हणून आत दाबलेल्या खोल दरजा लोकांना आवडतात, पण दरज म्हणजे पाण्याला पायरी, आणि रोह्यात पायरी म्हटली की शेवाळ. दरजा भरून काठोकाठ घ्याव्यात. मग सगळ्यावर चकचकीत व्हार्निश मारलं तर आतली ओल बाहेर पडायची वाटच बंद होते आणि पहिल्याच हिवाळ्यात त्याखाली पांढरे डाग उठतात. सिलेनचं बिनचमकीचं पाणीरोधक चालतं, कारण ते विटेची छिद्रं बुजवत नाही. पेणचा मूर्तिकार ओल्या मूर्तीवर रंग चढवत नाही. आपण मात्र पावसाच्या आत उरकायचं म्हणून मे महिन्यात ओल्या गिलाव्यावर टाइल चढवतो.

याहून अवघड दुखणं हालचालीचं आहे. दहा मीटर उंचीची भिंत ३० अंशांनी तापली तर काँक्रीट साधारण तीन मिलिमीटर वाढतं, वीट त्याच्या निम्म्याने किंवा थोडी जास्त. त्यात भट्टीतून निघालेली वीट हवेतलं पाणी घेऊन वर्षानुवर्षं किंचित फुगत राहते, आणि काँक्रीट मात्र आक्रसतं. दोघांना कडक ॲडेसिव्हने बांधलं की भांडण ठरलेलं. म्हणून प्रत्येक मजल्याच्या स्लॅबपाशी आडवी मोकळी दरज सोडून ती रबरासारख्या सीलंटने भरावी लागते. ती दरज दिसते, डिझायनरला खुपते, आणि नेमकी तीच ड्रॉइंगमधून गायब होते. टाइल हलकी आहे, चौरस मीटरला चाळीसेक किलो, तेव्हा पडून पडणार किती, असाही युक्तिवाद होतो. तिसऱ्या मजल्यावरून खाली चालणाऱ्याच्या डोक्यावर एक तुकडासुद्धा पुष्कळ झाला.

इंग्लंडच्या ससेक्स भागात अठराव्या शतकात लाकडी घरांना विटेसारख्या दिसणाऱ्या टाइल लावत. त्यांना 'मॅथेमॅटिकल टाइल' म्हणतात, आणि लुइस, ब्रायटनमध्ये त्या आजही भिंतींवर आहेत. त्या बहुधा रिपांवर टांगलेल्या आणि कौलासारख्या एकमेकींवर चढलेल्या असत. दिसायला सपाट वीट, वागायला कौल. आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीवर ठोकलेला पत्रा हेच करतो: त्याच्यामागे बोटभर का होईना हवा असते, आलेलं पाणी खाली ओघळून जातं. पत्रा दिसायला भिकार आहे, पण तो काम करतो, आणि चिकटवलेली टाइल त्याच्या जवळपासही येत नाही, हे मान्य करायला हरकत नसावी. म्हणून काळ्या दगडाच्या जोत्याच्या वर, पोर्चखाली, बाल्कनीच्या आत, पूर्वेच्या तळमजल्यावर पातळ वीट खुशाल चिकटवावी. रंगाचा दर काही वर्षांचा खर्च वाचेल आणि घर देखणंही दिसेल. पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची उघडी उंच भिंत असेल तर टाइल रुळांवर टांगायची, मागे दोन बोटं पोकळी ठेवायची आणि तळाशी पाणी बाहेर पडायला भोकं ठेवायची. हे महाग पडतं. तेवढे पैसे नसतील तर चांगला गिलावा करून डोक्यावर दोन फुटांचा छज्जा काढावा, आणि विटेचा हट्ट रस्त्याकडच्या बाजूपुरता ठेवावा.