जपानी शेजाऱ्यांची दावत

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुलाबाळांसह धाकट्या भावाकडे जपानला, कोबे शहरी गेलो होतो. जपानमधील पहिली मशीद याच शहरात १९३५ साली सुरू झाली. तिच्या उभारणीत हिंदी व्यापाऱ्यांनीही पैसा घातला होता. १९४५ची बॉम्बफेक आणि १९९५चा भूकंप सोसून ती आजही उभी आहे. तिथे जुम्म्याची नमाज पढून परतलो, तर भावाच्या शेजारचे वृद्ध जपानी जोडपे दाराशी उभे. रविवारी सर्वांनी जेवायला यावे, असा त्यांचा आग्रह.

दावत कबूल केली, पण दोन काळज्या लागल्या. न्यायचे काय आणि खायचे काय?

आमच्याजवळ औरंगाबादची हिमरू शाल होती. तीच द्यावी म्हटले, तर भाऊ म्हणाला, "भाईजान, एवढी महाग वस्तू नको. इथे भेट मिळाली की साधारण निम्म्या किमतीची परतभेट देतात. त्यांच्यावर ओझे होईल." आपल्याकडे लग्नातला आहेर वहीत लिहून ठेवतात, तसेच हे! खाऊन संपेल अशी वस्तू बरी, असे ठरले. मग कोकणच्या काजूंचे चार डबे काढले. भावाने त्यातला एक बाजूला ठेवला. जपानीत चाराला 'शी' म्हणतात आणि मृत्यूलाही 'शी'च.

खाण्याबद्दल मात्र बोलायला आम्ही संकोचत होतो. पाहुण्याने अटी कशा घालायच्या? भावाने त्याच संध्याकाळी जाऊन स्पष्ट सांगितले: डुकराचे मांस नको, बाहेरचे चिकनही नको, आणि 'मिरिन' नको. मिरिन म्हणजे स्वयंपाकात घालायची तांदळाची गोड दारू.

रविवारी दाराशी बूट काढून आत गेलो. डबे दोन्ही हातांनी दिले. त्यांनी वाकून घेतले आणि न उघडता बाजूला ठेवले. आमच्या लेकीचा चेहरा उतरला. "अब्बा, त्यांना आवडले नाही का?" तिला हळूच समजावले, इथे देणाऱ्यासमोर भेट उघडत नाहीत.

जेवणात मीठ लावून भाजलेला मासा, भात, टोफू आणि उकडलेल्या भाज्या. आजीबाईंनी मासा भाजायला नवी जाळी विकत आणली होती. जुन्या जाळीवर डुकराचे मांस भाजले होते म्हणून! सांगायला संकोचलो असतो, तर तिथे एक तर उपाशी बसलो असतो, नाही तर त्यांचे मन मोडले असते.

चार दिवसांनी परतभेट आली. साधा हिरवा चहा. आजोबा म्हणाले, "बिस्किटे पाहिली, पण डब्यावर काय काय लिहिलेले असते! चहात फक्त चहाच असतो."

शेजाऱ्याची भेट लहान समजू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आम्ही वर्गात कितीदा सांगितली आहे. त्या चहाच्या पुडीने ती आम्हालाच नव्याने शिकवली.