हौस

साहेबांच्या पोरांनी पाठीला पिशवी लावून गड चढला की ते साहस. आपण सुट्टीच्या दिवशी अनोळखी गावाची एसटी धरली की घरचे म्हणतात, पैसे जास्त झाले काय? आणि आपले कार्यकर्ते दोस्त विचारतात, तिथं मोर्चा आहे का? सभा आहे? नाही ना. मग कशाला?

मी सूतगिरणीत रिंग खात्याला आहे. आठ तास त्याच साच्यांमधल्या बोळातून येरझारा. धागा तुटला, सांधला, पुढं चाललो. पाय दुखून येतात, पण पोचत कुठंच नाही. असं वर्षभर चाललं की माणसाला दुसरी वाट सुचायचीच बंद होते.

बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' तुम्ही वाचलंच असेल. १९०१ साली साताऱ्याहून पोरं वडिलांकडं निघाली, मसूर स्टेशनवर उतरली. जात कळली अन् स्टेशन मास्तरचा चेहरा बदलला. गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी भाडं दुप्पट, गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवाला बाजूनं चालणार. आणि रात्रभर पाणी नाही. भाषणात आपण एवढं सांगतो. सांगायलाच पाहिजे. पण माझं डोकं त्याच्या आधीच्या मजकुरात अडकतं. नवे कपडे, नव्या टोप्या, नवे बूट. आगगाडीत बसायला मिळणार म्हणून हरखलेली पोरं! पाणी नाकारणाऱ्यांनी ही हौससुद्धा नाकारली होती. तेच बाबासाहेब १९१३ ला बोटीनं न्यूयॉर्कला शिकायला गेले. म्हणजे मसूरला काही त्यांची हौस मारता आली नाही.

गेल्या पावसाळ्यात मी एकटाच मसूरला उतरलो. काम काहीच नव्हतं. स्टेशनाबाहेर पायी निघालो. एका टपरीवर पाणी मागितलं. म्हातारा म्हणाला, "कुठलं पाव्हणं?" सांगितलं. मग म्हणाला, "कुणापैकी?" तेही सांगितलं, जरा मोठ्यानंच. तो थोडा थांबला. मग गल्लास भरून पुढं केला. "चा ठेवू काय?" म्हटलं, ठेवा. त्याच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक. चहा गोडमिट्ट होता. पुढं ऊस, ओढा, मग एका बांधावर मोर. जन्मात पहिल्यांदा मोकळा मोर बघितला. अर्धा तास तिथंच उभा, भिजत. त्यावर अजून कविता झालेली नाही. न होईना.

महाडला चवदार तळ्यावर आपण सगळेच जातो. येत्या २० मार्चला मी तिथून पुढं समुद्रापर्यंत जाणार आहे. येणार का कुणी? तिथं मोर्चा नाही.