गाडी खाली करायची म्हणे!



मागच्या वेळी भाद्रपदातल्या उपवासानंतरच्या पारण्यावर लिहिलं होतं, आज एकदम गाडीच्या स्प्रिंगांवर लिहितेय. हसू नका. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात वीस-बावीस वर्षांचा मुलगा किंवा नातू आहे. आज ना उद्या तो मोबाइल पुढे करून म्हणेल, "आजी, बघ ना, गाडी खाली केली की कशी दिसते!" तेव्हा नुसतं "नाही" म्हणून भागत नाही, हे मी घरात पाहिलं.

आमच्याकडे २०१३ ची स्विफ्ट आहे. नव्वद हजार किलोमीटर झालेत. नातू अमरावतीला डिप्लोमा करतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत कृषी केंद्रात काम करून त्याने बारा हजार रुपये साठवले आणि बापाला सांगितलं की या पैशात मी गाडीला लोअरिंग स्प्रिंगा टाकणार. लोअरिंग म्हणजे गाडी जमिनीकडे दोन-चार सेंटिमीटर खाली बसवणे. बापाने एका वाक्यात विषय संपवला. त्यानंतर दोघं एका ताटावर बसून तीन दिवस बोलले नाहीत. "भाजी वाढ" हेसुद्धा माझ्यामार्फत.

पैसे पोराच्या घामाचे होते. दुसरीकडे घरात गाडी एकच, आणि त्याच गाडीतून माझ्या सासूबाईंना अकोल्याला दाखवायला न्यावं लागतं. शहाऐंशी वर्षांच्या आहेत, गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलंय की गुडघ्याच्या खाली जाणाऱ्या बैठकीवर बसवायचं नाही. गाडी साडेतीन सेंटिमीटर खाली गेली की सीटही तेवढीच खाली जाणार.

मी बी.कॉम. झाले त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली, पण सवय गेलेली नाही. नातवाला म्हटलं, "आठ हजार मी घालते. वीस हजार झाले. पण आधी कोटेशन आण, आणि काय विकत घेतोयस ते मला कळेल असं समजावून सांग." खरं तर मला वाटलं होतं की कोटेशन म्हटल्यावर उत्साह गळेल. तो तर दुसऱ्या दिवशी वही घेऊनच बसला.

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, हे पहिलं. शॉकअप वजन पेलत नाही. हे मला साठी उलटल्यावर कळलं! आमच्या ओसरीत झोपाळा आहे. झोका दिला की तो बराच वेळ हलत राहतो, थांबवायचा तर पाय जमिनीला घासावा लागतो. स्प्रिंग म्हणजे तो झोपाळा, शॉकअप म्हणजे तो पाय. शॉकअपच्या नळीत तेल असतं, आतला दट्ट्या ते बारीक छिद्रांतून ढकलतो आणि गाडीची उसळी तिथे उष्णता होऊन जिरते. शॉकअप गेलेली गाडी खड्ड्यानंतरही डुलत राहते, म्हणून मागे बसलेल्या माणसाला मळमळतं. सासूबाईंना बार्शीटाकळी यायच्या आत उलटी व्हायची. आम्ही ते वयावर ढकलत होतो.

आता लोअरिंग स्प्रिंग. ती मूळच्यापेक्षा आखूड असते आणि कडकही. कडक नसेल तर आखूड जागेत गाडी सारखी तळाला आदळेल. जर्मनीची आयबाख किंवा एच अँड आर अशा कंपन्या ठरावीक मॉडेलसाठी मोजून बनवतात. पण मूळचा शॉकअप मूळच्या स्प्रिंगसाठी असतो. आखूड स्प्रिंग टाकली की त्याचा दांडा कायम अर्धवट आत दाबलेला राहतो, खाली जायला जागा उरत नाही, रबरी बंपस्टॉपवर वारंवार धडकतो. कडक स्प्रिंगची उसळी जिरवण्याइतकं बळही त्याच्यात नसतं. नवा शॉकअप लवकर जातो, जुना त्याहून लवकर. पोरांना स्प्रिंग दिसते, गाडी बसलेली दिसते. शॉकअपचे फोटो कोण टाकणार?

मग आकडे मांडले. हे आम्हाला मिळालेले भाव आहेत, तुमच्याकडे वेगळे असतील. चार लोअरिंग स्प्रिंगा चौदा हजार. पुढचे दोन शॉकअप ४,८००, मागचे दोन २,५००. वरचे माउंट, बेअरिंग, बंपस्टॉप, धूळ अडवणारे रबरी बूट मिळून २,६००. मजुरी १,८००. अलाइनमेंट ६००. एकूण २६,३००. नातवाचा बेत फक्त स्प्रिंगा आणि मजुरीचा होता, म्हणजे १५,८००. अलाइनमेंट त्याने धरलंच नव्हतं. गाडी खाली बसली की चाकांचे कोन बदलतात आणि टायर एका कडेने खाऊ लागतो. उरलेल्या पैशांत काचांना काळी फिल्म लावायची होती, तो वेगळाच विषय!

मी त्याला विचारलं, "नव्वद हजार किलोमीटर चाललेले शॉकअप या स्प्रिंगांवर किती दिवस टिकतील?" तो प्रामाणिक आहे. म्हणाला, "फार नाही." मग शॉकअप, माउंट, मजुरी, अलाइनमेंट पुन्हा १२,३००. बेरीज २८,१००. स्वस्तातला बेत पूर्ण बेतापेक्षा अठराशेने महाग निघाला, कारण तीच गाडी दोनदा उघडायची. तो वहीकडे बघत बसला. बापाने हजार वेळा "नाही" म्हणून जे झालं नसतं, ते एका बेरजेने अर्धं झालं. अर्धंच, कारण लगेच दुसरी वाट निघाली. "मग आहे ती स्प्रिंगच कापून घेऊ? पाचशे रुपयांत होतं."

इथे मात्र मी घाबरले. माझ्या माहेरच्या नात्यातल्या एका मुलाने असं करून घेतलं होतं. कुठल्या गॅरेजात ते सांगत नाही. खड्ड्यात चाक लटकलं तेव्हा कापलेली स्प्रिंग बैठकीतून सुटून तिरकी बसली. वेग कमी होता म्हणून निभावलं. स्प्रिंगचं टोक बैठकीत नीट बसेल असं घडवलेलं असतं, ते कापल्यावर जातं. शिवाय जितके वेढे कमी तितकी स्प्रिंग कडक. कामाचे सहा वेढे असतील आणि एक कापला तर कडकपणा सहाला पाच, म्हणजे वीस टक्क्यांनी वाढतो, आणि शॉकअप तोच जुना. गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग बसवणारेही आहेत. त्यात पोलादाला दिलेलं पाणीच उतरतं. आमचे मिस्त्री म्हणाले, "काकू, कापाचं असन तं दुसऱ्याकडे न्या. मी हात नाही लावत." त्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

मोजमाप नातवाने स्वतः केलं, आणि सगळ्यात रंगत तिथेच आली. या स्विफ्टची जमिनीपासूनची उंची कंपनी १७० मिलिमीटर सांगते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गोल गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच पण ३.७ मीटर रुंद असतो. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.४३ मीटर अंतर आहे. त्यामुळे गाडी अशा गतिरोधकावर चढते तेव्हा चाकंही वर चढलेली असतात आणि मधला उंचवटा चाकांच्या रेषेच्या वर जेमतेम साडेचार सेंटिमीटर येतो. नातू खूश. "बघ आजी, खाली केली तरी घासणार नाही!" मी म्हटलं, "बाळा, नियमातला गतिरोधक आसेगावपासून मंगरूळपीरपर्यंत मला एक दाखव." आपल्याकडे लोक हाताने घालतात, वीतभर उंच आणि हातभर रुंद. तो चाकांच्या मध्ये आला की अख्खा पोटाखाली येतो. त्यात पाच माणसं बसली की गाडी आधीच दबलेली.

त्याचं एक म्हणणं मात्र खरं होतं, ते लपवत नाही. गाडी खाली असली की वजनाचा मध्य खाली येतो आणि वळणावर ती कमी कलते. समृद्धी महामार्गावर शेलुबाजारहून चढलं की फरक कळेल, असं तो म्हणे. कळेलही. पण आमच्या महिन्याभराच्या चकरांतल्या किती समृद्धीवर होतात? शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला, वाशीमला, कारंज्याला, अकोल्याला. गाव सोडून चांगल्या रस्त्याला लागेपर्यंतच निम्मा जीव जातो.

कायद्याचं त्यानेच शोधून आणलं, आणि स्वतःच गप्प झाला. कोणतंही मॉडेल बाजारात येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून मंजूर होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळी होईल अशी गाडी मालकाला बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते ती वेगळीच. गाडी त्याच्या आजोबांच्या नावावर आहे. "म्हणजे दंड आबांना?" एवढंच तो बोलला.

मग टेप घेऊन त्याने शेवटची मोजणी केली. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत, गाडी रिकामी, सपाट फरशीवर. मित्राची त्याच मॉडेलची कमी चाललेली गाडी शेजारी उभी केली. पुढून दोन्ही सारख्या. मागून आमची अडीच सेंटिमीटर खाली! दहा वर्षं डिकीत तुरीचे कट्टे वाहिले, विहारात महाराजांसाठी चौका लावायला पातेली-परातींसह अख्खं स्वयंपाकघर वाहिलं, त्या स्प्रिंगा केव्हाच थकल्या होत्या. आमच्या यांनी गाडी फुकटात खाली करून ठेवली होती, कोणाला पत्ता नव्हता. बाप आणि मुलगा तीन दिवसांनी पहिल्यांदा एकत्र हसले ते तेव्हा.

शेवटी घेतलं ते असं. चारही शॉकअप नवे, कंपनीच्या मापाचे. मागच्या दोन स्प्रिंगा मूळ मापाच्याच, २,६०० रुपयांत. माउंट, बंपस्टॉप, बूट सगळं एकदम. एकूण १४,९००. कधी घ्याल तर दोन गोष्टी सांभाळा. शॉकअप नेहमी जोडीने बदला, एकाच बाजूचा नवा टाकला की ब्रेक मारताना गाडी ओढते. आणि जीएसटीचं बिल घ्या. नामांकित शॉकअपच्या खोक्यात नकली माल भरून विकणारे पुष्कळ आहेत. जुना शॉकअप गेलाय का हे घरीही कळतं. बॉनेटचा कोपरा जोराने दाबून सोडा, गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा डुलली तर गेला. नळीवर तेल ओघळून धूळ चिकटलेली दिसली तरी तेच.

ज्याला खालीच करायची असेल, त्याला माझ्या नातवाने काढलेला हिशेब असा. नियमात बसतं का ते आधी आरटीओत विचारा. मग कमीत कमी उतार देणारी स्प्रिंग घ्या, तिच्या मापाचे शॉकअप सोबतच घ्या, आणि दोन्हीचे पैसे एकदम नसतील तर आधी शॉकअप. स्प्रिंगा पुढच्या वर्षी.

उरलेले ५,१०० मी त्याला परत दिले. माझ्या वाट्याचेही त्यातच आले म्हणून मुलगा कुरकुरला, मी लक्ष दिलं नाही. पोराच्या मनातून विषय गेला असं मला वाटत नाही. मोबाइलवर अजून तेच फोटो बघतो. नोकरी लागली की स्वतःची गाडी घेणार आणि तिचं काय करायचं ते तो ठरवणार, हे त्याने मला शांतपणे सांगून ठेवलंय. मी "बरं" म्हटलं.

काम झाल्यावर पहिल्या चकरेला अकोल्याला त्यानेच गाडी चालवली, बाप शेजारी. मी मागे सासूबाईंना धरून बसले होते, मांडीवर पिशवी तयार ठेवली होती. बार्शीटाकळीला मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्या माळ हातात धरून झोपल्या होत्या. मुलाने मागे वळून बघितलं, मग नातवाला म्हणाला, "कुठले टाकले रे शॉकअप?" नातवाने नाव सांगितलं, किंमत सांगितली, आणि मग अकोला येईपर्यंत सांगतच राहिला.

घरी आल्यावर टेप घेऊन पुन्हा मागची उंची मोजली. अडीच सेंटिमीटर वर. तोंड वाकडं करून म्हणतो, "वीस हजार घेऊन निघालो आजी, आणि गाडी उंच करून आलो."