मुखवट्याचा शीण

स्वमग्न (ऑटिस्टिक) प्रौढांच्या वाट्याला येणारा एक शीण झोपेनं उतरत नाही. त्याला ‘ऑटिस्टिक बर्नआउट’ म्हणतात. हे नाव डॉक्टरांनी दिलेलं नाही. स्वमग्न माणसांच्या आपापसातल्या बोलण्यात ते रुजलं, संशोधकांनी नंतर उचललं. अमेरिकेत, स्वतः स्वमग्न असलेल्या संशोधक डोरा रेमेकर यांनी सहकाऱ्यांसह २०२० मध्ये त्याची व्याख्या मांडली: साधारणपणे तीन महिने किंवा त्याहून अधिक टिकणारा थकवा, आधी जमणाऱ्या गोष्टी न जमणं आणि आवाज, उजेड, स्पर्श सोसण्याची ताकद घटणं.

हे न जमणं फार साध्या जागी गाठतं. वर्षानुवर्षं कचेरीचे हिशेब चोख ठेवणारी एखादी बाई एका सकाळी गॅसपुढे उभी राहते. पातेलं, पाणी, साखर, चहाची पूड समोर असतं. आधी काय घ्यायचं ते सुचत नाही. शेजारच्या कुकरची शिट्टी कानात सुईसारखी शिरते. फोन वाजतो, पण तोंडून शब्द फुटत नाही. घरचे मायेनंच म्हणतात, ‘चार दिवस माहेरी जाऊन ये, माणसांत बरं वाटेल.’ आणि माहेरच्या गजबजाटात ती आणखी खचते.

याचं मोठं कारण मुखवटा. नजरेला नजर किती वेळ द्यायची हे मनात मोजायचं, वाक्यं आधी घोकून ठेवायची, हलू पाहणारी बोटं ओढणीत आवळून धरायची. इतरांना आपसूक जमणारं सगळं इथे हिशेबानं करावं लागतं, रोज, दिवसभर. मराठीतला ‘स्वमग्न’ हा शब्द अशा माणसावर अन्यायच करतो. ज्याचं सारं लक्ष दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर खिळलेलं असतं, तो स्वतःत मग्न कसला?

मुखवटा इतका बेमालूम असतो की निदानच चुकतं. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये वर्णिलेल्या अकरा स्वमग्न मुलांत आठ मुलगे होते. स्वमग्नतेचं चित्र दीर्घकाळ लहान मुलग्याचंच राहिलं. शिकलेल्या युक्त्यांमुळे मोठेपणी लक्षणं झाकली जाऊ शकतात, हे मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेनं २०१३ मध्ये नोंदवलं. तोवर कित्येकींना ‘हट्टी’, ‘माणूसघाणी’, ‘आळशी’ ही बिरुदं चिकटली होती. पुष्कळांना स्वतःचा उलगडा होतो तो पोटच्या मुलाचं निदान होताना: डॉक्टर मुलाबद्दल विचारतात आणि आईला स्वतःचं बालपण आठवत जातं. सुटकेचा श्वास येतो, मागोमाग गेलेल्या वर्षांचं दुःखही.

रेमेकर यांच्या अभ्यासातल्या माणसांना उतार पडला तो कामाचं आणि अपेक्षांचं ओझं उतरल्यावर, मुखवट्याविना वावरता आल्यावर, आहे तसं कुणी स्वीकारल्यावर. घरात असं कुणी असेल तर लग्नाला चलायचा आग्रह सोडा, फोनऐवजी दोन ओळी लिहून पाठवा आणि उत्तराची घाई करू नका.