तीन आकडे आणि एक नळ

सकाळी सहालाच गच्चीची फरशी कोमट. पेपर उघडला: पहिल्या पानावर भुसावळचा पारा, आत केळीचा भाव, कोपऱ्यात सोन्याचा दर. मे महिन्यात जळगावकराचा दिवस या तीन आकड्यांवर ठरतो. २०१६ साली इथल्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण वादळात बाग आडवी झाली, की मानांकन काही खोडाला टेकू देत नाही.

दूधवाला म्हणाला, "भाऊ, रावेरकडे रात्री लय वारं सुटलं होतं." पेपरात ते उद्या येईल.

तेवढ्यात समोरच्या काकू ओरडल्या, "नळ आले का हो?" गल्लीतली खरी ठळक बातमी तीच. नळ आधी सूं सूं करतो, मग थुंकतो, मग हंडे सरसावतात. पेपर तसाच राहतो. दुपारी त्याच्यावर चिंचा फोडल्या जातात.