उडतं केळं आणि खाली उभा असलेला माणूस

'फ्लाइंग बनाना' हे टोपणनाव ऐकून रावेर-यावलच्या माणसाला हसू येणारच. १९४५ साली अमेरिकेत फ्रँक पियासेकी यांचं दोन पंख्यांचं हेलिकॉप्टर उडालं. दोन्ही पंखे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्याची शेपटी वर उचललेली, त्यामुळे अंग केळ्यासारखं वाकलेलं. चिनूक हे त्याच घराण्यातलं. ते १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि २५ मार्च २०१९ रोजी चंदीगडला आपल्या वायुदलात दाखल झालं.

धुळ्याचा माझा मावसभाऊ लष्करात, तोफखान्यात आहे. घरात तो 'फौजी', मी 'इंजिनियर'. त्यामुळे यंत्रांचे प्रश्न माझ्याकडे येतात. गेल्या दिवाळीत जळगावला आला तेव्हा त्यानं विचारलं, "शेपटीले पंखा नही, मंग पायलट पाय कसाले वापरस?"

प्रश्न नेमका होता. साध्या हेलिकॉप्टरचा मोठा पंखा फिरला की अंग उलट दिशेला फिरू पाहतं. शेपटीचा पंखा ते थोपवतो आणि पेडल त्याच्यासाठीच असतात. चिनूकचे दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरतात, त्यामुळे ती ओढ आपोआप फिटते. तरी पेडल आहेतच. डावं दाबलं की पुढचा पंखा डावीकडे कलतो, मागचा उजवीकडे, आणि नाक डावीकडे वळतं. काठी पुढे ढकलली की पुढच्या पंख्याचा जोर कमी होतो, मागच्याचा वाढतो आणि नाक खाली जातं. पायलटच्या हातापायांची सवय तीच राहते, हिशेब मधली यंत्रणा करते. पुण्यात मी पोटासाठी हेच करतो. आतली गुंतागुंत झाकायची आणि समोर एक बटण ठेवायचं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "हे वरचं झालं. खालचं ऐक."

जमिनीवर चालवताना मागचं उजवं चाक कॉकपिटमधल्या एका छोट्या नॉबने वळतं. पण पायलट बसतो सगळ्यात पुढे, आणि फिरत्या पंख्यांसकट लांबी सुमारे ३० मीटर. शेपटी कुठे चाललीय, हे बाहेरच्या माणसाने बघायचं. पुढचा पंखा खाली झुकू शकतो, म्हणून समोरून कुणी जायचं नाही. तोफ लटकवायची असेल तर माणसं थेट यंत्राच्या पोटाखाली उभी राहतात. उडत्या यंत्रावर स्थिर वीज साठते. त्यामुळे आधी एकजण जमिनीशी तारेने जोडलेला दांडा हुकाला टेकवून ती वीज खाली उतरवतो, मगच दुसरा कडी अडकवतो. धूळ डोळ्यांत, कानठळ्या बसवणारा आवाज आणि डोक्यापासून हातभर अंतरावर कित्येक टनांचं यंत्र.

मावशी चहा घेऊन आली आणि नेहमीप्रमाणे माझं पॅकेज विचारू लागली. भावाचा पगार तिथे कुणी विचारला नाही.

आमच्या कंपनीचं ॲप मालवाहतुकीचं आहे. वापरणारा बटण दाबतो, गोदामात कुणीतरी पेटी उचलतो. त्या उचलणाऱ्याच्या स्क्रीनवर पेटीचं वजन दिसत नव्हतं. कामाच्या यादीत ते सगळ्यात खाली होतं. दिवाळीनंतरच्या पहिल्या मीटिंगमध्ये मी ते वर घ्यायला लावलं.